गुपित फोडणाऱ्याला तुरुंग, मग छापणाऱ्याला मोकळीक का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: सरकारी नोकराने गोपनीय कागद बाहेर दिला तर त्याच्यावर खटला भरतात. मग तोच कागद ज्या वर्तमानपत्राने किंवा वेबसाइटने छापला, त्यांना का सोडायचं? चोरीचा माल घेणाराही गुन्हेगारच असतो की. गुप्त कागद उघड करणाऱ्या ‘विकिलीक्स’ वेबसाइटचा संस्थापक ज्युलियन असांज याने २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला, म्हणजे छापणं हा गुन्हा ठरलाच ना, असंही तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक भीती व्यक्त केलीय, की असा कागद आपल्या फोनवर आला आणि आपण पुढे ढकलला तर आपणही अडकू का.

मी वकील आहे आणि माझा बराच वेळ बातम्या छापून येण्याआधी वाचण्यात जातो. ‘गोपनीय’ असा शेरा मारलेला कागद संपादकाच्या हाती पडला की रात्री उशिरा ज्याला फोन करून ‘हे घ्यायचं का’ म्हणून विचारतात, तो मी. तेव्हा मी तटस्थ नाही हे धरूनच पुढचं वाचा. नुसतं छापलं म्हणून खटला भरू नये, असं माझं मत आहे. पण पत्रकार आहे म्हणून सगळं माफ, हेही मला पटत नाही. काही मोजक्या प्रसंगी खटला योग्यच असतो. ते प्रसंग कागदावरच्या शिक्क्यावरून ओळखू नयेत. छापणाऱ्याने स्वतः काय केलं, आणि छापल्यावर काय होणार हे त्याला कितपत ठाऊक होतं, यावरून ओळखावेत.

आधी चोरीच्या मालाचं घेऊ, कारण तुमच्या प्रश्नाचा सगळा भार त्यावर आहे. घड्याळ चोरीला गेलं की मालकाच्या मनगटावर ते राहत नाही. घेणारा असतो म्हणून चोराचा धंदा चालतो, आणि म्हणून कायदा घेणाऱ्यालाही धरतो. सरकारी कागदाची प्रत बाहेर गेली तरी मूळ कागद फाइलीतच असतो. जाते ती गुप्तता. आता ही गुप्तता कोणाची आणि कोणासाठी, हा प्रश्न घड्याळाबाबत कधी पडत नाही, इथे मात्र पहिलाच तो पडतो. संरक्षण खरेदीवरची टिपणी मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने लिहिली असली तरी ती लोकांच्या पैशातून आणि लोकांच्या वतीने लिहिलेली असते. उलट एखाद्या खबऱ्याचं नाव घ्या. ते गुप्त राहण्यात त्या माणसाचा जीव गुंतलेला असतो, तिथे ‘लोकांचा हक्क’ वगैरे बोलून चालत नाही. दोन्ही कागदांवर शिक्का एकच असू शकतो.

आणखी एक फरक मला याहून मोठा वाटतो. अधिकाऱ्याने नोकरी पत्करताना गुप्तता पाळण्याचं बंधन स्वतः स्वीकारलेलं असतं. त्या विश्वासावर त्याला फाइली हाताळायला मिळतात. वार्ताहराने असं काही कबूल केलेलं नसतं. त्याच्यावर बंधन घालायचं तर ‘तू शब्द मोडलास’ हे कारण उपलब्धच नाही. ‘तुझ्या छापण्याने अमुक नुकसान होतं’ एवढंच कारण उरतं, आणि मग ते नुकसान दाखवून द्यायला नको का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००१ मध्ये बार्टनिकी खटल्यात जवळपास हाच पेच आला होता. कामगार संघटनेच्या दोघांचं फोनवरचं बोलणं कुणीतरी बेकायदा टिपलं, ती टेप फिरत फिरत एका रेडिओ निवेदकाकडे पोहोचली आणि त्याने ती ऐकवली. टेप करण्यात त्याचा हात नव्हता आणि विषय सार्वजनिक महत्त्वाचा होता, म्हणून त्याला शिक्षा करता येणार नाही असं न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं. ते प्रकरण सरकारी गुपितांचं नव्हतं, त्यामुळे ते जसंच्या तसं इथे लावता येणार नाही, पण विचाराची दिशा मला योग्य वाटते.

याच विचाराची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. छापणाऱ्याचा हात कागद मिळवण्यातच असेल, म्हणजे त्याने पैसे देऊन कुलूप फोडायला लावलं किंवा स्वतः सरकारी संगणकात घुसला, तर तेवढ्यापुरता तो पत्रकार नाही. तो त्या फोडाफोडीतला भागीदार आहे, आणि त्याच्यावर इतर कुणाहीसारखा खटला व्हावा. अडचण येते ती मधल्या जागेत. ‘अजून काही असेल तर द्या’ असं वार्ताहर म्हणाला, तर ते गुन्ह्याला चिथावणी देणं झालं का? अमेरिकेत फॉक्स न्यूजच्या जेम्स रोझेन यांचे ईमेल मिळवण्यासाठी तपास यंत्रणेने काढलेल्या वॉरंटच्या अर्जात नेमकं असंच सुचवलं होतं. २०१३ मध्ये ते उघड झालं आणि गदारोळ उठला. रोझेन यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. माझ्या दृष्टीने मागणं हे वार्ताहराचं रोजचं कामच आहे, कुलूप उघडायला मदत करणं हे काम नाही. रेघ तिथे ओढावी.

आता कायद्याच्या बाजूने एक गैरसमज दूर करतो. छपाई आधीच रोखणं आणि छापल्यानंतर शिक्षा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वादांत त्यांची सरमिसळ होते. न्यूयॉर्क टाइम्सने १३ जून १९७१ पासून व्हिएतनाम युद्धाबाबतचा संरक्षण खात्याचा गुप्त अभ्यास छापायला सुरुवात केली. निक्सन सरकार न्यायालयात गेलं, आणि ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी छपाई रोखायला नकार दिला. त्या दिवसापासून जगभर असा समज आहे की अमेरिकेत गुपितं छापायला मोकळीक आहे. पण बहुमतातल्याच न्या. बायरन व्हाइट यांनी लिहून ठेवलं होतं, की आधी रोखता येत नाही याचा अर्थ नंतर खटला भरता येत नाही असा होत नाही. खटला झाला तो कागद देणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्यावर, आणि सरकारच्याच माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केल्याचं बाहेर आल्यावर १९७३ मध्ये तो कोसळला. वर्तमानपत्रावर कधी आरोपपत्र आलं नाही. त्यामागे कायद्याचं संरक्षण होतं असं म्हणता येत नाही. १९१७ चा त्यांचा हेरगिरीविरोधी कायदा गुप्तहेर आणि संपादक असा भेद करतच नाही. एकामागून एक सरकारांनी त्या वाटेला जायचं टाळलं, इतकंच.

भारतात आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहे, सगळे ज्याला ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट म्हणतात तो. कलम ३ हेरगिरीसाठी आहे. तुमच्या प्रश्नाशी संबंध कलम ५ चा. त्यात कागद बाहेर देणारा तर येतोच, शिवाय तो बेकायदा दिला जातोय हे माहीत असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असूनही स्वीकारणाराही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे चोरीच्या मालाची तुमची उपमा आपल्या कायद्यात शंभर वर्षं बसलेलीच आहे. गंमत अशी की ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्या या कायद्यात कुठेच नाही. सार्वजनिक हितासाठी छापलं असा बचावही नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कलम ८(२) मध्ये सार्वजनिक हित जड असेल तर या कायद्याला न जुमानता माहिती देता येईल असं म्हटलं, पण ती मुभा माहिती देणाऱ्या कार्यालयाला आहे. छापणाऱ्याला तिचा थेट आधार नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्दच करावा आणि खरोखर गरजेच्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घ्याव्यात असं सुचवलं. ते झालं नाही.

न्यायालयांनी मात्र थोडी वाट मोकळी केलीय. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीचे कागद ‘द हिंदू’ने छापले, आणि फेरविचार याचिकेत ते सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेव्हा सरकारचा आक्षेप होता की हे कागद बेकायदा बाहेर आलेत, त्यांच्याकडे बघूच नका. १० एप्रिल २०१९ ला न्यायालयाने तो फेटाळला आणि म्हटलं, की गोपनीय शेरा असलेल्या कागदांची प्रसिद्धी रोखण्याचा किंवा ते न्यायालयापुढे ठेवू न देण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिलेला नाही. अमेरिकेच्या १९७१ च्या निकालाचाही त्यात आधार घेतला होता. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये ती फेरविचार याचिका फेटाळलीच गेली. कागद वाचले गेले आणि तरी सरकार जिंकलं. ‘हे उघडं पडलं तर अनर्थ होईल’ असं सरकारी वकील म्हणतात तेव्हा मी हे प्रकरण आठवतो. अर्थात हा निकाल कागद बघायचे की नाही एवढ्यापुरता होता. छापणाऱ्यावर खटला भरता येतो का, याचं उत्तर त्यात नाही.

शिक्क्यावर माझा एवढा राग का, ते सांगतो. शिक्का मारणारा अधिकारी चुकून कमी गोपनीय ठरवल्याबद्दल गोत्यात येऊ शकतो. विनाकारण गोपनीय ठरवल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. मग हात कुठे झुकणार ते उघड आहे. पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्या संगणकात सापडलेला काश्मीरमधल्या सैन्याबद्दलचा मजकूर एका पाकिस्तानी संस्थेने आधीच प्रसिद्ध केलेला होता, इंटरनेटवर कुणालाही मिळेल असा. लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाने आधी तो घातक ठरवला, पुढे मत बदललं, आणि जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. तोवर गिलानी सात महिने तिहारमध्ये होते. निर्गुंतवणुकीवरच्या कॅबिनेट टिपणीची बातमी छापल्याच्या प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयाने २००९ मध्ये पत्रकाराला आरोपमुक्त केलं, कारण नुसता ‘गोपनीय’ शेरा पुरेसा नाही. पण बातमी छापली होती नव्वदच्या दशकात. मधली वर्षं कुणी परत देत नाही.

लोक मला विचारतात, शेवटी सुटतातच ना सगळे, मग कायदा असला तर काय बिघडलं? बिघडतं ते हेच. अशा प्रकरणांत शिक्षा क्वचित होते. झडती, फोन आणि लॅपटॉपची जप्ती, तारखा, पासपोर्ट अडकणं हे सगळं निकालाच्या आधीच भोगून होतं. पश्चिम जर्मनीत १९६२ मध्ये ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकाने नाटोच्या युद्धसरावावरून जर्मन सैन्याची तयारी अपुरी असल्याचं छापलं, तेव्हा देशद्रोहाच्या आरोपाखाली कचेरीला टाळं ठोकलं आणि संपादक रुडॉल्फ आउगश्टाइन १०३ दिवस कोठडीत राहिले. १९६५ मध्ये न्यायालयाने खटला चालवायलाच नकार दिला. त्या प्रकरणात संरक्षणमंत्री श्ट्राउस यांना पद सोडावं लागलं, पण असा शेवट दुर्मीळच. जप्त झालेल्या फोनमध्ये या एका बातमीचा नव्हे तर दहा वर्षांच्या सगळ्या स्रोतांचा पत्ता असतो. त्यातले निम्मे लोक पुन्हा कधी फोन उचलत नाहीत. खटला हरूनही सरकारला जे हवं ते मिळतं, ते असं.

आता समोरच्या बाजूचं बोलू, कारण तीही पोकळ नाही. छापण्याने खरंच घात होऊ शकतो. ७ जून १९४२ ला शिकागो ट्रिब्यूनने मिडवेच्या लढाईची बातमी दिली आणि त्यात जपानी ताफ्यात कोणती जहाजं होती याची अमेरिकन नौदलाला आधीच कल्पना होती असं लिहिलं. लक्ष देऊन वाचणाऱ्याला त्यातून एकच निष्कर्ष काढता आला असता, की जपानची सांकेतिक लिपी फुटलीय. चालू युद्धात याहून घातक बातमी सुचणं कठीण. ऑगस्टमध्ये प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे गेलं, पण लिपीबद्दल साक्ष द्यायला नौदलच तयार होईना, कारण तशी साक्ष म्हणजे जपानला दिलेली पक्की खबर. आरोप ठेवला गेला नाही. मी याकडे दोन्ही अंगांनी बघतो. अशी बातमी जाणूनबुजून देणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात मला शंका नाही. आणि नेमक्या अशाच प्रकरणात खटला सर्वांत कुचकामी असतो, कारण नुकसान सिद्ध करायचं तर उरलेलं गुपितही कोर्टात उलगडावं लागतं. म्हणून सरकारांना सोपे खटले हवे असतात, म्हणजे ज्यात नुकसान दाखवावंच लागत नाही, शिक्का दाखवला की झालं. अतिव्यापक कायदा तिथून येतो.

असांजकडे येतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालतात. २०१० मध्ये विकिलीक्सने बगदादमधल्या अमेरिकी हेलिकॉप्टर हल्ल्याचं चित्रीकरण दाखवलं. २००७ च्या त्या हल्ल्यात रॉयटर्सचे दोन कर्मचारीही मारले गेले होते. मग अफगाणिस्तान आणि इराक युद्धांच्या नोंदी आल्या, आणि त्यानंतर अडीच लाख राजनैतिक तारा (अमेरिकी वकिलातींचे गोपनीय संदेश), सुरुवातीला मोठ्या वर्तमानपत्रांबरोबर नावं झाकून. सप्टेंबर २०११ मध्ये त्या सगळ्या तारा नावं न झाकता टाकल्या गेल्या. ती फाइल आणि तिचा पासवर्ड त्याआधीच फुटला होता हे खरं, पण म्हणून आपणही ओतून मोकळं व्हायचं, हे मला कधी पटलं नाही. पहिली गोष्ट पत्रकारिता आहे यात मला संशय नाही. दुसरीच्या वेळी मला विचारलं असतं तर मी ‘हो, छापा’ म्हटलं नसतं.

अमेरिकेने २०१९ मध्ये त्याच्यावर एकूण १८ आरोप ठेवले. एक संगणकात घुसखोरीच्या कटाचा, पासवर्ड फोडायला मदत देऊ केल्याबद्दल. उरलेले १७ हेरगिरीविरोधी कायद्याखालचे, आणि त्यातले तीन निव्वळ प्रसिद्धीचे. पत्रकारांच्या पोटात गोळा आला तो या तीन आरोपांमुळे. घुसखोरीचा आरोप मला तत्त्वतः रास्त वाटतो, वर म्हटलेल्या कुलपाच्या रेघेवरून. प्रसिद्धीचे आरोप मात्र उद्या कुणालाही लागू होतील असे होते. ओबामा सरकारने असांजवर खटला भरला नव्हता, आणि त्याच्यावर भरायचा तर न्यूयॉर्क टाइम्सला कसं वगळणार, ही अडचण तेव्हा उघड बोलली जात होती.

जून २०२४ मध्ये प्रशांत महासागरातल्या सायपान या अमेरिकी बेटावरच्या न्यायालयात त्याने गोपनीय माहिती मिळवून उघड करण्याच्या कटाचा एक आरोप कबूल केला. ब्रिटनमधल्या तुरुंगात काढलेले ६२ महिने हीच शिक्षा धरली गेली. या प्रकाशनामुळे कुणाला शारीरिक इजा झाल्याचं ज्ञात नाही, असंही न्यायाधीशांनी नोंदवलं. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: कबुलीच्या करारातून निघालेला निकाल पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक ठरत नाही. गुपित छापणाऱ्यावर तो कायदा लावणं राज्यघटनेच्या कसोटीवर टिकतं का, हे या खटल्यात कुठल्याही वरिष्ठ न्यायालयाने तपासलं नाही. एका माणसाने सुटकेसाठी सही केली, एवढंच त्यातून कळतं. पण असा आरोप ठेवता येतो हे आता प्रत्येक सरकारी वकिलाला दिसलंय, आणि पुढची पाच-दहा वर्षं संपादक त्या भीतीने काय काय गाळतील याची मोजदाद होणार नाही.

मी स्वतः अशा वेळी काय करतो ते सांगतो, म्हणजे माझी रेघ कुठे आहे ते कळेल. कागद आला की पहिला प्रश्न असतो तो आपल्यापर्यंत कसा आला, आणि आपल्यापैकी कुणी काही वचन, पैसे किंवा तांत्रिक मदत दिली का. इथे उत्तर गोलमाल आलं तर मी पुढे वाचतच नाही. मग बघतो की यात माणसांची नावं आहेत का, चालू किंवा येऊ घातलेल्या कारवाईची जागा-वेळ आहे का, यंत्रणा कशी चालते याचा तांत्रिक तपशील आहे का. बातमीला त्यातलं काय लागतं? बहुतेक वेळा काहीच लागत नाही. भ्रष्टाचाराच्या बातमीला क्षेपणास्त्राचा पल्ला कशाला हवा? तो भाग गाळला तर बातमी जशीच्या तशी उभी राहते, आणि खटल्यात आपली बाजू भक्कम होते. भारताच्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचे हजारो पानांचे कागद २०१६ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’कडे आले, तेव्हा त्यांनी संवेदनशील तपशील काळे करूनच पानं दाखवली. गळती झालीय ही बातमी पोहोचली, पाणबुडीचं अंतरंग पोहोचलं नाही.

त्यानंतर सरकारला विचारायचं की नाही, यावर संपादकांशी माझे खटके उडतात. मी विचारा म्हणतो. ‘आम्ही छापणार आहोत, कुठल्या ओळीने नेमकं काय बिघडेल ते सांगा’, या शब्दांत. उत्तर बऱ्याचदा ‘सगळंच गोपनीय आहे’ असं येतं आणि ते निरुपयोगी असतं, पण क्वचित एखादा अधिकारी एका ओळीवर बोट ठेवतो आणि कारणही पटतं. संपादकांची भीती अशी, की विचारलं की आधीच पोलीस येतील किंवा मनाई हुकूम येईल. ती भीती खोटी नाही. न्यूयॉर्क टाइम्सने वॉरंटशिवाय फोन ऐकण्याच्या कार्यक्रमाची बातमी सरकारच्या सांगण्यावरून वर्षभराहून जास्त दाबून ठेवली होती, ती डिसेंबर २००५ मध्ये छापली. विचारणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे लक्षात ठेवलं तर निभतं.

विचारताना मूळ कागद कधी दाखवायचा नाही, हे मात्र मी दहादा बजावतो. २०१७ मध्ये ‘द इंटरसेप्ट’ या अमेरिकन वेबसाइटने खातरजमेसाठी गुप्त अहवालाची प्रत सरकारला दाखवली. तिच्यावर घडी पडलेली होती, म्हणजे तो छापून बाहेर नेलेला कागद होता. मग तो कुणी कुणी छापला याची नोंद काढली तर सहाच नावं निघाली, आणि त्यातून तो अहवाल बाहेर देणारी कंत्राटी कर्मचारी रिअ‍ॅलिटी विनर पकडली गेली. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली. छापणाऱ्यांवर खटला झाला नाही.

तुमच्या प्रश्नात एक न्यायबुद्धी आहे, आणि ती मला बोचते ती इथे. डेन्मार्कमध्ये इराकच्या शस्त्रांबद्दलचे गुप्तचर अहवाल छापणारे ‘बर्लिंग्स्के’चे दोन पत्रकार आणि संपादक २००६ मध्ये निर्दोष सुटले, ते अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याला आधीच शिक्षा झाली होती. ऑस्ट्रेलियात अफगाणिस्तानातल्या बेकायदा हत्यांची बातमी देणाऱ्या एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या कचेरीवर २०१९ मध्ये धाड पडली, आणि पुढच्या वर्षी पत्रकारावर खटला भरणं सार्वजनिक हिताचं नाही असं सरकारी वकिलांनी ठरवलं. कागद देणाऱ्या डेव्हिड मॅकब्राइडला २०२४ मध्ये पाच वर्षं आठ महिने तुरुंगवास झाला. एकच कागद, एकच परिणाम. एकाला पुरस्कार, दुसऱ्याला कोठडी. तुम्ही म्हणता, मग दोघांनाही आत टाका. मी म्हणतो, लोकांच्या हिताचं उघड करणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो बचाव द्या. आपल्याकडे जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला आणि तो अंमलात आणलाच गेला नाही. छापणाऱ्याला सूट आणि देणाऱ्याला बेड्या, ही तडजोड सरकार आणि माध्यमं दोघांनाही सोयीची आहे, म्हणून तिच्याविरुद्ध फार कुणी बोलत नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. चालू युद्ध असेल तर माझी रेघ सरकारच्या बाजूला थोडी सरकते. छापणारा दुसऱ्या देशाच्या सांगण्यावरून छापत असेल तर ते प्रकरण माध्यमस्वातंत्र्याचं उरतच नाही. आणि कसं छापलं यालाही वजन आहे. स्वित्झर्लंडमध्ये एका पत्रकाराने राजदूताचं गोपनीय पत्र तुकडे काढून, सनसनाटी करून छापलं. त्याला झालेला ८०० फ्रँकचा दंड युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये, स्टोल खटल्यात, कायम राहू दिला. मला तो निकाल आवडत नाही, पण बातमीच्या मांडणीतला आळस न्यायाधीशांना दिसतो, हे त्यातून मी तरुण वार्ताहरांना शिकवतो.

मग कायदा कसा हवा? शिक्का पुरावा नव्हे, नेमकं आणि गंभीर नुकसान सरकारने सिद्ध करावं. ते होणार हे छापणाऱ्याला माहीत होतं किंवा त्याने जाणून दुर्लक्ष केलं, हेही सिद्ध करावं. सार्वजनिक हिताचा बचाव न्यायालयाने तोलावा. आणि खटल्याला परवानगी ज्याची अब्रू गेली त्या खात्याने देऊ नये. यात माझं स्वतःचं असं फारसं नाही. राष्ट्रीय सुरक्षा आणि माहितीचा हक्क यांच्याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांनी आणि संस्थांनी मांडलेल्या २०१३ च्या त्श्वाने तत्त्वांचा रोख याहूनही पुढे आहे, त्यांच्या मते सरकारी सेवेत नसलेल्याला गोपनीय माहिती बाळगल्याबद्दल किंवा लोकांपुढे ठेवल्याबद्दल शिक्षाच नको. मी तेवढा पुढे जात नाही, ट्रिब्यूनच्या बातमीमुळे.

राहिला तुमचा फोन. कलम ५ मध्ये पत्रकार, संपादक, वाचक असे कप्पे नाहीत, ‘कोणतीही व्यक्ती’ आहे. वर्तमानपत्राने आधीच छापलेल्या बातमीचा दुवा पाठवलात तर प्रत्यक्षात कुणी तुमच्यामागे लागेल असं मला वाटत नाही. पण सैन्याच्या हालचालीचा, नकाशाचा किंवा माणसांच्या नावांचा मूळ कागदच कुणी थेट पाठवला असेल तर तो पुढे पाठवू नका, जाहीर ग्रुपवर तर नाहीच. आणि घाबरून फोन साफ करत बसण्याआधी एखाद्या वकिलाशी बोला. चौकशी सुरू झाल्यावर पुसलेला फोन हा स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो, आणि तो सोडवणं मूळ प्रश्नापेक्षा अवघड जातं.